व्हेंटिलेटर आणि पेशंटची लय चुकते तेव्हा ते एआयला कळेल का?

मोगरा_७

मंडळी नमस्कार,

फेब्रुवारीत माझे बाबा अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. वय ७१, जुना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार), त्यात न्यूमोनिया झाला. आता घरी आहेत, सकाळी अंगणात दोन-तीन फेऱ्या मारतात, तेव्हा काळजीचं कारण नाही. पण त्या दिवसांतली एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा काढतेय.

चौथ्या दिवशी संध्याकाळी भेटीच्या वेळेत आत गेले तर बाबांचा आणि मशीनचा मेळच बसत नव्हता. बाबा मानेच्या शिरा ताणून श्वास ओढायचे तेव्हा मशीन गप्प. ते श्वास सोडायला लागले की मशीन अजून हवा ढकलतंय. कपाळावर घाम. मधेच अलार्म. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "पेशंट मशीनशी भांडतोय, झोपेचं औषध वाढवतो." वाढवलं. अलार्म थांबला, बाबा निपचित पडले, आम्हालाही वाटलं चला, आराम पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेगळ्या सिस्टर होत्या. त्यांनी बाबांच्या पोटावर हात ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर मोजलं आणि म्हणाल्या, "स्क्रीनवर १८ दिसतायत, पण हे ३० वेळा ओढतायत." त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी औषधाला हात लावला नाही, मशीनवरचे दोन-तीन आकडे बदलले. पंधरा-वीस मिनिटांत मानेच्या शिरा दिसेनाशा झाल्या. मी समोर उभी होते.

माझा मावसभाऊ पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणतो, व्हेंटिलेटरच्या स्क्रीनवरचे आलेख वाचून ही गडबड ओळखणारं एआय आहे. खरंच आहे का? आणि असलं तर ती एक रात्र आणि अर्धा दिवस वाचला असता का? कुणी या क्षेत्रातलं असेल तर नक्की लिहा.

कोकणमेवा

बाबा घरी आले हे वाचून बरं वाटलं. धागा वाचतेय.

रातपाळी

मोगराताई, मी आयसीयूत सिस्टर आहे, १४ वर्षं झाली. पोटावर हात ठेवून मोजणं मला माझ्या पहिल्या वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरांनी शिकवलं. पुस्तकात नंतर सापडलं. हाताला जितक्या वेळा पोट उचललेलं लागतं तितके पेशंटचे प्रयत्न. स्क्रीनवर दिसतात ते फक्त मशीनने दिलेले श्वास. दोन्हींत फरक आला की समजायचं, माणूस दार ठोठावतोय आणि आतून कुणी उघडत नाहीये.

उलटंही होतं. ह्युमिडिफायरची वाफ नळीत थंड होऊन पाणी साचतं. ते डचमळलं की मशीनला वाटतं पेशंटनेच श्वास ओढला, आणि ते हवा देऊन मोकळं होतं. एकदा पेशंट पूर्ण झोपेत, स्वतःचा श्वास जवळजवळ नाहीच, आणि स्क्रीनवर रेट ३४. नवीन मुलगी घाबरून डॉक्टरांना फोन लावत होती. मी नळी खाली वाकवून पाणी ट्रॅपमध्ये सोडलं, रेट १६ वर आला.

पण खरं सांगते. रात्री माझ्याकडे तीन व्हेंटिलेटर असतात. एकाचं सक्शन करताना, म्हणजे नळीतला बेडका ओढून काढताना, दुसऱ्याच्या पोटावर हात कसा ठेवणार? म्हणून मला या विषयात रस आहे.

फुफ्फुसवाला

मी अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. रातपाळीताईंनी निम्मं काम केलंच आहे, उरलेलं मी लिहितो.

व्हेंटिलेटरला पेशंट दिसत नाही. त्याला नळीतला दाब आणि हवेचा प्रवाह एवढंच कळतं, त्यावरून तो अंदाज बांधतो की माणसाला श्वास कधी हवाय, किती हवाय, कधी थांबायचंय. तिन्ही ठिकाणी अंदाज चुकू शकतो. मोगराताईंच्या बाबांचं वर्णन वाचून मला जे वाटतं ते असं: सीओपीडीत हवा बाहेर पडायला वेळ लागतो. पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास आला की छातीत हवा कोंडून राहते, आत दाब साठतो. आता पेशंटला आधी तो साठलेला दाब ओलांडायचा आणि मग मशीनला जाग आणायची. ताकद कमी पडते, प्रयत्न वाया जातो. अशा वेळी मशीन देत असलेला आधार थोडा कमी करणं, श्वास लवकर संपवणं आणि बाहेरून पीप (श्वास सोडल्यावरही मशीन नळीत राखतं तो दाब) जरा वाढवणं यानं कोंडी सुटते. त्या डॉक्टरांनी बदललेले "दोन-तीन आकडे" बहुधा हेच असावेत.

स्क्रीनवर याची खूण असते. श्वास सोडतानाच्या प्रवाहाच्या रेषेत मधेच एक छोटा उंचवटा येतो, त्याच क्षणी दाबाची रेषा किंचित खाली वाकते, आणि पुढे मशीनचा श्वास येत नाही. एकदा डोळ्याला सवय झाली की दिसतं. सवय व्हायला मात्र वर्षं लागतात.

दुसरा प्रकार मला जास्त घाबरवतो. मशीनचा श्वास संपला, पण पेशंटची ओढ संपलेली नाही. मशीन लगेच दुसरा श्वास देतं, पहिला बाहेर पडायच्या आत. ३६० मिली ठरवले होते, फुफ्फुसात गेले जवळजवळ दुप्पट. २००० साली अमेरिकेतल्या एआरडीएस (फुफ्फुसं अचानक निकामी होण्याचा गंभीर आजार) नेटवर्कने ८६१ पेशंटांवर दाखवलं की आदर्श वजनाच्या किलोमागे १२ ऐवजी ६ मिली हवा दिली तर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतात. तेव्हापासून आम्ही सगळे ६ चा आकडा जपतो. दुहेरी श्वास आला की तो जपलेला आकडा त्या क्षणापुरता पाण्यात.

शब्दवेल्हाळ

फार छान माहिती. एक अवांतर: याला मराठीत काय म्हणावं? 'असमकालिकता' वाचून पेशंट आणखी दमेल.

दत्तूमास्तर

'लय चुकणे' काय वाईट आहे? धाग्याच्या नावातच आहे की. गवई एका लयीत आणि तबलजी दुसऱ्या, असा प्रकार. चांगला साथीदार गवयाच्या मागे जातो.

शब्दवेल्हाळ

मास्तर, मान्य. 'लय चुकणे' पक्कं.

अल्गोअण्णा

मी बंगळुरात मशीन लर्निंगवर काम करतो, दोन वर्षं याच आलेखांवर होतो. तेव्हा मोगराताईंच्या प्रश्नाचं उत्तर: हो, आहे, आणि ते कल्पनेतलं नाही.

बार्सिलोनाजवळच्या साबादेल इथल्या गटाने २०१५ साली ५० पेशंटांचे ७,०२७ तासांचे आलेख संगणकाकडून वाचून घेतले. श्वासांची संख्या ८७ लाखांहून जास्त. माणसाला हे शक्यच नाही. मिनिटाला २० धरले तरी एका पेशंटचे दिवसाला २८,८०० श्वास होतात. डॉक्टर राउंडला येऊन पाच मिनिटं स्क्रीन बघतात, म्हणजे शंभर श्वास. त्या अभ्यासात ज्यांचे दहा टक्क्यांहून जास्त श्वास लय चुकलेले होते त्यांच्यात आयसीयूतले मृत्यू ६७ टक्के, बाकीच्यांत १४ टक्के.

पद्धत म्हणाल तर सुरुवातीला नियम लिहिलेले असायचे: उंचवटा एवढा असेल तर वाया गेलेला प्रयत्न, दोन श्वासांतलं अंतर एवढं कमी असेल तर दुहेरी. नंतर लोकांनी न्यूरल नेटवर्कला हजारो श्वास खुणा करून दाखवले आणि आकार ओळखायला शिकवलं. सेकंदाला ५० वेळा दाब आणि प्रवाह मोजलेला असतो, त्यातून एका श्वासाचं चित्र तयार होतं. दुहेरी श्वास ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. वाया गेलेले प्रयत्न मध्यम.

अवघड काय, तर खुणा करणारी माणसं. आम्ही तीन डॉक्टरांना तेच श्वास दिले, काहींवर तिघांची तीन मतं. मशीनने कुणाचं ऐकावं? आणि एका कंपनीच्या व्हेंटिलेटरवर शिकलेलं मॉडेल दुसऱ्यावर नेलं की गडबडतं, कारण प्रत्येक मशीन सिग्नल आपल्या पद्धतीने घासूनपुसून देतं. यावर माझे सहा महिने गेले.

शंकासुर

अण्णा, ६७ आणि १४ हे आकडे असे सुटे टाकू नका, लोक घाबरतील. ५० पेशंट म्हणजे लहान अभ्यास. शिवाय जो जास्त आजारी तो जास्त धडपडणार आणि तोच जास्त दगावणार. लय चुकल्यामुळे दगावला की आजारामुळे दोन्ही झालं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता हिशोब बघा. तुमचेच २८,८०० श्वास. समजा त्यातले ५ टक्के चुकलेले, म्हणजे १,४४०. समजा तुमचं मॉडेल दोन्ही बाजूंनी ९५ टक्के बरोबर. चुकलेल्यांपैकी १,३६८ ओळखले, शाबास. उरलेल्या २७,३६० चांगल्या श्वासांपैकी ५ टक्क्यांना उगाच चुकलेलं म्हटलं, तेही १,३६८. म्हणजे इशाऱ्यांपैकी बरोबर निम्मे खोटे, आणि दिवसाला एका खाटेमागे २,७०० हून जास्त इशारे. रातपाळीताईंच्या तीन खाटांचे किती ते त्यांनीच मोजावेत.

अमेरिकेत सेप्सिस (संसर्गामुळे शरीर कोलमडून जिवावर बेतणं) आधीच ओळखणारी एक प्रणाली शेकडो रुग्णालयांत बसवली होती. २०२१ साली मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी आपल्याकडे तपासून बघितलं, तर दोनतृतीयांश सेप्सिस तिने ओळखलेच नव्हते, आणि इशारे मात्र दाखल झालेल्यांपैकी १८ टक्क्यांवर दिले होते. विक्रीच्या कागदावर ती उत्तमच होती.

माझी आई आयसीयूत होती तेव्हा अलार्म इतके वाजायचे की तिसऱ्या दिवसापासून कुणी वळूनही बघत नव्हतं. आणखी एक भोंगा कृपा करून नको.

रातपाळी

शंकासुर, "कुणी वळूनही बघत नव्हतं" हे वाचून वाईट वाटलं. आम्ही बघतो हो. पण एका रात्रीत इतके अलार्म होतात की कान आपोआप ठरवायला लागतो, हा खोकल्याचा, हा नळी वाकल्याचा, हा खरा. कधी कानही चुकतो, ते नाकारत नाही. भोंगा नको, याबाबत मी तुमच्या बाजूची आहे.

अल्गोअण्णा

हिशोब अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच प्रत्येक श्वासाला इशारा द्यायचाच नसतो. एखादा श्वास चुकला तर बिघडत नाही, तुम्ही-आम्ही बसल्या-बसल्या उसासे टाकतो. बघायचं ते दहा मिनिटांत किती चुकले आणि मागच्या तासापेक्षा वाढतायत का. खोट्या इशाऱ्यांचा पाया साधारण सारखा राहतो, त्याच्यावर चढ दिसला की तो खरा असण्याची शक्यता वाढते.

फुफ्फुसवाला

अण्णांना दुजोरा. ग्रीसमध्ये क्रीटच्या गटाने २०१७ साली नेमकं हे पाहिलं. त्यांनी तीन मिनिटांत ३० हून जास्त वाया गेलेले प्रयत्न असा झुबका मोजला. असे झुबके ज्यांच्यात दिसले ते जास्त दिवस व्हेंटिलेटरवर राहिले आणि त्यांच्यात मृत्यूही जास्त होते. सरासरीने हे कळत नाही. दिवसभराची सरासरी ठीक दिसते आणि पहाटे तीन ते पाच पेशंट धडपडत असतो.

शंकासुरांचा कार्यकारणाचा मुद्दा मला मान्य आहे. पण "डॉक्टर बघतातच की, मशीन कशाला" असं कुणी म्हणू नये म्हणून एक आकडा देतो. इटलीतल्या २०११ च्या अभ्यासात डॉक्टरांना नुसते आलेख दाखवले आणि खरं काय ते छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याच्या (डायफ्रामच्या) विद्युत सिग्नलवरून ठरवलं. अनुभवी डॉक्टरांनी चुकलेल्या श्वासांपैकी सुमारे २८ टक्के ओळखले, शिकाऊ डॉक्टरांनी १६ टक्के. मी स्वतःला यातून वगळत नाही.

तो स्नायूचा सिग्नल रोज का वापरत नाहीत असं विचाराल, तर त्यासाठी नाकातून जठरापर्यंत खास इलेक्ट्रोड असलेली नळी घालावी लागते, ती दर पेशंटला नवीन, आणि मशीनही त्याच बनावटीचं लागतं. जिल्ह्याच्या गावी हे कुठून आणणार? दाबाचे आणि प्रवाहाचे आलेख मात्र प्रत्येक आयसीयू व्हेंटिलेटरवर फुकट असतात. म्हणून एआयचा मला उपयोग दिसतो.

उत्तरवाट

मी अमेरिकेत, ओहायोत, रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. मूळची नाशिकची. इथे व्हेंटिलेटर बघणं हा वेगळा पेशाच आहे, दर काही तासांनी प्रत्येक मशीनपाशी जाऊन नोंद करायची हे माझं काम. भारतात बहुतेक ठिकाणी ते सिस्टर आणि निवासी डॉक्टर आपल्या बाकीच्या कामांतून करतात.

पण ऐका, माझ्यासारखी माणसं असूनही इथे सुटतंच. झोपेच्या औषधाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. पेशंट गाढ झोपेत असताना मशीनने हवा दिली की तिच्या धक्क्याने त्याचा स्वतःचा श्वासाचा पडदा आकुंचन पावतो, म्हणजे मशीन पेशंटला ट्रिगर करतं. याचं पहिलं नीट वर्णन २०१३ साली आठ पेशंटांवर आलं. स्क्रीनवर बघणाऱ्याला वाटतं पेशंट जागा होऊन श्वास ओढतोय, औषध कमी पडतंय. औषध वाढवलं जातं आणि प्रकार तसाच चालू राहतो. हे ओळखणारं काही मिळालं तर मला हवंय, कारण माझ्या डोळ्याला ते दर वेळी दिसत नाही.

दत्तूमास्तर

मी निवृत्त विज्ञान शिक्षक, वैद्यकातलं मला कळत नाही, पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या मुलांसाठी यंत्रं अगदी मोजकी होती. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ पेशंटांपैकी २७ गेले. बियॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सुचवलं की गळ्याला छेद देऊन नळी घालू आणि हाताने रबरी पिशवी दाबून श्वास देऊ. ऑगस्टमध्ये बारा वर्षांच्या एका मुलीवर ते करून दाखवायचं ठरलं. आणि काय झालं? ती मुलगी धडपडायला लागली, हवा आत जाईना. बघायला आलेले डॉक्टर निघायच्या बेतात. इब्सेनने तिला पेंटोथल दिलं, तिचा स्वतःचा श्वास थांबला आणि मग पिशवीतली हवा आत जायला लागली. ती जगली. पुढे सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्महिने पिशव्या दाबल्या.

म्हणजे आज आपण ज्यावर बोलतोय ते पहिल्या दिवसापासून आहे, आणि झोपेचं औषध हा उपायही त्याच दिवशीचा. मला त्या विद्यार्थ्यांचं वाटतं. पिशवी हातात असली की समोरच्याची छाती कधी उचलते ते हाताला कळत असणार. यंत्र आलं आणि तो हात सुटला.

रातपाळी

मास्तर, अंबू बॅग दाबताना अगदी तसंच होतं. पेशंटने स्वतः ओढलं की पिशवी हातात मऊ पडते. स्कॅनला नेताना लिफ्टमध्ये मी कितीतरी वेळा त्या मऊपणावरून दाबलंय.

शंकासुर

मास्तर, ही गोष्ट माहीत नव्हती. धन्यवाद.

ताई, एक विचारतो. तुम्हाला उद्या असं यंत्र दिलं तर त्यात काय हवं? आम्ही इथे टक्केवारीवर भांडतोय, वापरायचं तुम्हाला आहे.

रातपाळी

विचारलंत म्हणून सांगते.

आवाज नको. नर्सिंग स्टेशनवर एक पडदा असावा, त्यावर माझ्या तिन्ही खाटा, आणि ज्या खाटेची लय बिघडत चाललीय ती वर यावी. मी सक्शन संपवून मान वर केली की कळावं, आधी कुणाकडे जायचं. एवढ्यानेही खूप होईल.

दुसरं, नुसतं 'गडबड आहे' सांगून उपयोग नाही. कसली ते सांगावं. 'प्रयत्न वाया जातायत' म्हटलं तर मी पोटावर हात ठेवीन. 'उगाच श्वास सुटतायत' म्हटलं तर आधी नळीतलं पाणी आणि घशातल्या नळीभोवतीच्या फुग्याची (कफ) गळती बघीन, रात्री दोनला डॉक्टरांना उठवायची गरजच पडणार नाही. आणि तो श्वास दिसावा, म्हणजे मीही शिकेन. आमच्याकडे मुली सहा-सहा महिन्यांत बदलतात, त्यांना आलेख शिकवायला वेळ कुणाकडे आहे?

तिसरं, त्याने स्वतःहून मशीनचे आकडे बदलू नयेत. निदान मी तिथे असेपर्यंत नको.

अल्गोअण्णा

ताई, हे मी लिहून घेतलंय. दोन वर्षांत आम्हाला एकदाही कुणी सिस्टरकडे पाठवलं नाही, आम्ही फक्त डॉक्टरांशी बोलत होतो. 'उगाच श्वास सुटतायत' हा वेगळा प्रकार आम्ही शेवटी वगळला होता, कारण नमुने कमी होते.

रातपाळी

तो वगळू नका अण्णा. पाणी रोज साचतं.

मोगरा_७

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. डॉक्टर, माझा दुसरा प्रश्न राहिलाच. ती रात्र वाचली असती का? तुम्ही स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही.

फुफ्फुसवाला

मोगराताई, टाळलं होतं खरं.

तुम्ही लिहिलंय तसं चित्र असेल, मिनिटाला ३० प्रयत्न आणि १८ श्वास, तर बारा प्रयत्न दर मिनिटाला वाया जात होते. इतकं ढोबळ बिघडलेलं चांगलं मॉडेल दहा मिनिटांत दाखवतं. तेव्हा हो, कळलं असतं. पण कळल्यावर कुणीतरी खाटेपाशी यायला हवं होतं आणि काय बदलायचं हे त्याला माहीत असायला हवं होतं. त्या रात्रीचे डॉक्टर आले होते, त्यांना बिघाड दिसलाही होता. त्यांनी आवाज बंद होईल तो उपाय केला. मीही माझ्या पहिल्या वर्षी तेच करत होतो, मला कुणी सांगितलं नव्हतं की गाढ झोपेत पेशंटची ओढ क्षीण होते आणि वाया जाणारे प्रयत्न उलट वाढू शकतात, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. पडद्यावर 'प्रयत्न वाया जातायत' असं लिहून आलं असतं तर कदाचित त्यांचा हात औषधाकडे जायच्या आधी थांबला असता. मी 'कदाचित' म्हणतोय.

बाबा अकराव्या दिवशी सुटले, सीओपीडी आणि न्यूमोनिया असून. त्या दुपारच्या सिस्टरांनी तुमचे काही दिवस नक्की वाचवले असं मी माझ्या अनुभवावरून म्हणतो.

मोगरा_७

डॉक्टर, मनापासून आभार. 'कदाचित' चालेल मला.

काल रात्री जेवताना बाबांना विचारलं, तुम्हाला त्यातलं काही आठवतं का. नळी आठवत नाही म्हणाले, आवाज आठवत नाहीत, मी रोज यायचे तेही आठवत नाही. मग जरा वेळाने म्हणाले, "कुणीतरी पोटावर हात ठेवला होता. गार हात."

रातपाळी

गारच असतो ताई. चोवीस तास एसी आणि दर पेशंटनंतर हात धुणं. बाबांना माझा नमस्कार सांगा, आणि थंडी सुरू व्हायच्या आत त्यांना फ्लूची लस द्या.